दिवेलागण नाशिकची, दुपार स्टुटगार्टची

ताई,
आम्ही गेल्या ऑगस्टमध्ये नाशिकहून जर्मनीत, स्टुटगार्टला आलो. हे अंबडला एका कंपनीत डिझाइनमध्ये होते, इथे ब्लू कार्डावर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी लोकांच्या नोकरीच्या परवान्यावर, नोकरी मिळाली. मी नऊ वर्षं पतसंस्थेत हिशेब सांभाळत होते, ते सोडलं. मुलगी सात वर्षांची, मुलगा तीनचा. मला तूच म्हणा.

आधी सगळं नवं होतं, मजा वाटली. आता दिवस सरत नाही. हे सकाळी सातला निघतात, सहा-साडेसहाला येतात. मुलाला बालवाडीत जागा नाही, नाव यादीत आहे. मुलगी शाळेत एक शब्द बोलत नाही, असं बाईंनी बोलावून सांगितलं. घरी बाहुलीला दामटवते तेव्हा मात्र जर्मनमध्ये. यांचं म्हणणं, आता घरातही जर्मनच बोलायचं. मलाच धड येत नाही, मी काय बोलू? त्यात खालच्या मजल्यावरच्या आजींनी पत्रपेटीत चिठ्ठी टाकली. मोबाइलवर भाषांतर करून वाचली, तर आम्ही जिना झाडायची पाळी दोनदा चुकवली म्हणे. दाराच्या मुठीला एक पाटी अडकवलेली होती खरी. मला वाटलं कसली तरी जाहिरात, मी काढून कपाटात ठेवली.

सासरे दोन वर्षांपूर्वी गेले. सासूबाई गंगापूर रोडला एकट्या असतात. रोज त्यांच्या साडेसातला, देवापाशी दिवा लावून झाला की व्हिडिओ कॉल. तास-सव्वा तास. त्यांनी तिकडच्या शाळेत मुलीच्या प्रवेशाचंही बघून ठेवलंय, फी महिनाअखेर भरायची आहे. मेमध्ये नणंदेच्या मुलीचं लग्न आहे, तेव्हा मुलांना घेऊन दोन महिने ये, नंतर बघू, असं म्हणतात. 'नंतर बघू' म्हणजे काय ते आम्हा दोघींनाही कळतं.

परवा सुपरमार्केटात द्राक्षांच्या डब्यावर 'भारत' लिहिलेलं दिसलं. निफाडची असतील का, एवढंच मनात आलं आणि तिथेच डोळे भरून आले. मी परत यावं का?
आणि एक बारीकसं. इथल्या पिठाच्या पोळ्या वातड होतात, काय करू?
(सासूबाई तुमचं सदर वाचतात. नाव छापू नका.)
एक नाशिककर

*

नाव छापलेलं नाही, एक-दोन तपशीलही बदललेत. तरी सासूबाई ओळखतीलच, सासवा ओळखतात. ओळखलं तर बरंच आहे, खाली त्यांच्यासाठीही चार ओळी लिहिल्यात.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते. शाळेची फी भरू नका. लग्नाला ये, मनसोक्त मिरव, आणि परत जा. का ते सांगते.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा पेन घेऊन तुझा दिवस मांडला, तू पतसंस्थेत खतावणी मांडायचीस तसा. हिवाळ्यात आपण तुमच्या साडेचार तास पुढे. म्हणजे नाशिकचे साडेसात हे तुझे दुपारचे तीन. मुलगी शाळेतून येऊन जेवलेली असते, मुलगा झोपून उठलेला असतो, आणि नेमकं तेव्हा तुम्ही तिघं फोन टेकवून बसता ते सव्वाचारपर्यंत. स्टुटगार्टला डिसेंबरात साडेचारच्या सुमाराला सूर्य मावळतो. तुझा कॉल संपायचा तेव्हा बाहेर अंधारून आलेलं असायचं. त्या गल्लीतली पोरं दुपारी घसरगुंडीवर जमतात, त्यांच्या आया बाकावर बसून गप्पा मारतात, तो अख्खा वेळ तुम्ही घरात. ऑगस्टपासून आजपर्यंत किती दुपारी झाल्या त्याचा हिशेब तूच कर. मुलगी शाळेत बोलत नाही म्हणतेस, पण शाळेबाहेर तिला बोलायला कोण भेटलंय?

तुम्ही राहायला गेलात स्टुटगार्टला, पण घर चालतंय गंगापूर रोडच्या घड्याळावर. माझं म्हणणं एवढंच आहे, बाकीचं सगळं त्याच्या मागून येतं.

मी 1997 ते 2001 तुझ्या शेजारीच, एसलिंगनला होते. तेव्हा मार्क होते, युरोच्या नोटा यायच्या होत्या. भारतात फोन म्हणजे रविवारी दहा मिनिटं, तीही घड्याळ समोर ठेवून. ते बरं होतं असं अजिबात म्हणत नाही. माझे वडील गेले ते मला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं, आणि ती सकाळ अजून माझ्या पोटात आहे. पण रोजची दुपार रिकामी असायची, घर खायला उठायचं, म्हणून मी पोराला घेऊन बागेत जाऊन बसायचे. महिनाभर कोणी विचारलं नाही. मग एका तुर्की बाईनं सूर्यफुलाच्या बियांची पुडी पुढे केली. तिचं जर्मन वाईट, माझं त्याहून वाईट. दोघींचं जमलं ते त्याच्यामुळेच, कारण कुणालाच कुणाची लाज वाटेना. कोथिंबीर, भेंडी, छोटी वांगी कुठल्या तुर्की दुकानात मिळतात ते मला तिनं दाखवलं. पोराला ताप आला तेव्हा डॉक्टरला फोनही तिनंच लावला.

एक मूर्खपणाही सांगते. 'वर्षभरात परत जायचंय' असं म्हणत मी पोळपाट घेतलाच नाही. चौदा महिने स्टीलचं ताट पालथं घालून त्यावर बाटलीनं पोळ्या लाटल्या. ताट सरकायचं, म्हणून खाली ओलं फडकं. चार वर्षांच्या मुक्कामातले चौदा महिने! तुझ्या घरातही असं काहीतरी पालथं घातलेलं असणार, बघ जरा.

तर आता कॉलची वेळ बदल. निमित्त आयतंच आहे. मार्चच्या शेवटच्या रविवारी तुमची घड्याळं एक तास पुढे जातील आणि अंतर साडेतीन तासांवर येईल. मग नाशिकचे साडेसात म्हणजे तुझे दुपारचे चार, म्हणजे उन्हाळ्यातली बागेची भर वेळ. तेव्हा "आई, इकडची वेळ बदलली, आता कॉल सकाळी" एवढं सांगितलं की झालं. आणि हे सांगायचं तुझ्या नवऱ्यानं. आई त्याची आहे. तो सकाळी सातला निघतो तेव्हा आपल्याकडे साडेदहा वाजलेले असतील, त्यांची पूजा-बिजा आटोपलेली, कुकर लावायचा असेल. घर ते स्टेशन चालताना त्यानं रोज दहा मिनिटं आईशी बोलावं. गाडीत बसल्यावर नको, तिकडे डब्यात मोठ्यानं फोनवर बोललं की लोक वळून बघतात. नातवंडांसकट ऐसपैस व्हिडिओ कॉल रविवारी सकाळी. रविवारी तिकडे दुकानं बंद, कुठे जायची घाई नसते, आणि इथे जेवणं उरकून निवांतपणा असतो.

आता सासूबाईंना. ताई, तुम्ही माझ्या पाठीपुढच्याच असणार म्हणून ताई म्हणते. दिवेलागणीची वेळ एकट्या माणसाला किती जड जाते ते मला ठाऊक आहे, आमच्याकडेही आता त्या वेळेला मी आणि टीव्ही. पण तुम्हाला त्या तासाला जे हवंय ते सोबत आहे, आणि ती साडेसहा हजार किलोमीटरवरून रोज पुरवणं त्या पोरीला जमत नाहीये. संध्याकाळी कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर या. तिथे चालणाऱ्यांपेक्षा बसणाऱ्या बायका जास्त असतात, आणि दोन दिवस नुसतं हसलं की तिसऱ्या दिवशी जागा धरून ठेवतात. शाळेच्या प्रवेशाचं तुम्ही मायेनं केलंत, त्यात खोट नाही. पण सुनेला परत यायचा रस्ता असा झाडून ठेवला की तिचं पाऊल तिकडे टेकणार कसं?

जिन्याची गोष्ट मात्र मला फार आवडली. हसू नकोस, पण ती पाटी कपाटात ठेवून तू अख्ख्या इमारतीचं चक्र थांबवलंस! त्या प्रकाराला 'केरवोखे' म्हणतात. वोखे म्हणजे आठवडा, आणि 'केर' म्हणजे झाडणं. आपल्या केराशी जुळतं तो नुसता योगायोग, पण लक्षात ठेवायला सोपा. श्वाबिया म्हणतात त्या तुमच्या भागातली ही जुनी रीत. पाटी ज्याच्या दाराला, त्याचा तो आठवडा. आपल्या मजल्याचा जिना झाडून-पुसून घ्यायचा. मोठी पाळी असेल तर प्रवेशदार, तळघर, समोरचा फुटपाथही, आणि बर्फ पडलं तर तेही काढायचं. आठवडा संपला की पाटी शेजाऱ्याच्या दाराला. स्टुटगार्ट शहरानं आपल्या नियमातून ही सक्ती 1988 मध्ये काढली, पण भाडेकरारांत ती बसलेली आहे, आणि म्हाताऱ्यांच्या मनात तर पक्की. तुझा करार काढून बघ, कलम सापडेल.

मी वाढले तिवंध्यावरच्या वाड्यात. सात बिऱ्हाडं, एक नळ, एक चौक. ज्याची चौक झाडायची पाळी त्याच्या उंबऱ्याशी खराटा उभा करून ठेवायचा, तोंडानं सांगायचं नाही. नव्या बिऱ्हाडकरूनं पाळी चुकवली तर आमच्या मालकीणबाई काही बोलायच्या नाहीत, फक्त स्वतः झाडायच्या, त्याला दिसेल असं, आवाज करत. खालच्या आजींनी निदान चिठ्ठी लिहिली. चिठ्ठी म्हणजे भांडण असं धरू नकोस. तिकडे लोक जे खटकतं ते लिहून मोकळे होतात आणि दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटले की 'गुटन टाग' म्हणतात. आपल्याला ते लागतं, कारण आपल्याकडे गोष्ट लेखी आली म्हणजे वकिलापर्यंत गेली.

आता असं कर. येत्या शनिवारी सकाळी बादली, फडकं घेऊन जिना पूस, पाळी असो-नसो. सगळे घरी असतात, दिसू दे. मुलीला बरोबर घे. मग आजींची बेल वाजवा आणि मुलीला म्हणायला लाव: "एंटशुल्डिगुंग, वीअर वुस्टन एस निश्त", म्हणजे माफ करा, आम्हाला माहीत नव्हतं. घरी दहा वेळा घोकून घ्या. हातात काहीतरी असू दे. नाशिकचा चिवडा पहिल्या भेटीत नको, बिचाऱ्यांच्या डोळ्यांतून पाणी काढशील. नारळाच्या वड्या ने. मुलगी दारात गप्पच राहिली तर तू म्हण. आणि रविवारी मिक्सर, ड्रिल, काचेच्या बाटल्या हिरव्या-पांढऱ्या पेटीत टाकणं, आवाज होणारं सगळं बंद. बाटल्यांवरून मी स्वतः एका आजोबांची बोलणी खाल्ली आहेत. मी अदबीनं मान डोलावत होते, समजलं एक अक्षर नव्हतं.

मुलीचं. बाहुलीला जर्मनमध्ये रागावते हे तू वाक्याच्या शेपटीला लिहिलंस, मला ते पत्रातलं सगळ्यात चांगलं वाक्य वाटलं. नव्या भाषेत पडलेली मुलं कितीतरी वेळा काही महिने गप्प राहतात. ऐकत असतात, साठवत असतात. तुझी लेक बाईंचा आवाजसुद्धा उचलून आणते आणि बाहुलीवर चालवून बघते. हे बाईंना सांग, जमलं तर मोबाइलवर चोरून टिपून ऐकव. परक्या भाषेतून आलेल्या मुलांसाठी तुमच्या राज्यात शाळांतून तयारी-वर्ग असतात, तसा तिला मिळतोय का तेही विचार. वर्गातल्या एकाच मुलीला घरी खेळायला बोलाव, दोन नकोत, एकच. बटाट्याचे काप तळून दे, त्याला कुठलीच भाषा लागत नाही. मात्र ती घरात मराठीतही गप्प व्हायला लागली, किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत शाळेत ओठच उघडले नाहीत, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. तिथे उशीर करू नका.

आणि घरात जर्मन? नाही. हे तुझ्या नवऱ्याला माझ्या नावानं सांग. जर्मन तिला शाळा शिकवेल, घसरगुंडी शिकवेल, तुमच्याहून कितीतरी चांगलं. तुम्ही मोडक्या जर्मनमध्ये "बूट घाल", "दूध पी" एवढंच बोलू शकाल. "आज तुझ्या पोटात का दुखतंय, खरं सांग" हे विचारायला मराठीच लागते. ती तोडली तर पोरगी दोन्हीकडे मुकी होईल. रात्री तिला मराठीत वाचून दाखव. मेमध्ये येशील तेव्हा सार्वजनिक वाचनालयात एक चक्कर मार. 1840 सालची संस्था आहे, मुलांना असं काही दाखवायला हरकत नाही, आणि पुस्तकं घेऊन जा बॅग भरून. तिकडे तुमचं मध्यवर्ती ग्रंथालय, ती 2011 ची पांढरी चौकोनी इमारत, पावसाळी दिवसाला उत्तम. दोन्ही पोरांना घेऊन जा, तिथे कोणी उठवत नाही.

मुलाच्या बालवाडीसाठी यादीत नाव घालून गप्प बसू नकोस. कायद्यानं वर्षाच्या वरच्या प्रत्येक मुलाला 2013 पासून जागेचा हक्क आहे, जागा मात्र कमी आहेत. दर महिन्याला विचारणा करणाऱ्याचं नाव लक्षात राहतं. तोवर जवळच्या क्रीडा मंडळात आई-मुलांच्या कवायतीचा वर्ग असेल, आठवड्याला एक तास, पैसेही फार नाहीत. पोरं उड्या मारतात, आया ओळखी करून घेतात.

आता राहिलीस तू. पत्रभर मुलगी, मुलगा, नवरा, सासूबाई, खालच्या आजी. तुझं स्वतःचं एकच वाक्य, "ते सोडलं". नऊ वर्षं हिशेब सांभाळलेली बाई दोन शब्दांत उरकलीस. ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला तिकडे पहिल्या दिवसापासून काम करायची मुभा असते, तुझ्या कार्डावर तसं लिहिलेलं असेल, वाच. अडतं भाषेवर. सरकारी मदतीचा जो समावेशन अभ्यासक्रम असतो त्यात 600 तास भाषा आणि 100 तास तिथले कायदे, इतिहास, राहणीमान असतं. त्यासाठी अर्ज करता येतो. ते जमेपर्यंत 'फोल्क्सहोखशूल'मध्ये, म्हणजे गावच्या लोकशाळेत, संध्याकाळचा वर्ग धर. आठवड्यातून दोन दिवस.

भांडण होणार आहे ते या दोन दिवसांवरून. त्या दोन्ही दिवशी नवरा साडेपाचला घरात हवा. मीटिंग असो, साहेब असो, काही असो. त्यानं मुलांना जेवू घालायचं, पोळ्या नाही जमल्या तर पाव-चीज, अर्धी जर्मनी रात्री तेच खाते. तिकडे ठरल्या वेळी ऑफिसातून निघणाऱ्या बापाकडे कोणी वाकड्या नजरेनं बघत नाही. अंबडला असतं तसं साहेब उठेपर्यंत बसायची सवय त्यानं सामानातून नेली असेल, तर ती आता टाकावी. आणि खर्चासाठी त्याच्यापुढे हात करावा लागतो का, हे तू लिहिलेलं नाहीस. लागत असेल तर जोडखातं आणि तुझं वेगळं कार्ड, याच महिन्यात.

परत येण्याबद्दल दोन व्यवहाराच्या गोष्टी. तिकडे शाळा सक्तीची आहे. लग्नासाठी दोन महिने मुलीला काढून आणलं तर दंडाची नोटीस येऊ शकते. पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाला तुमच्या राज्यात दोन आठवडे सुट्टी असते, मे-जूनमध्ये. तारखा बघून तिकिटं काढा. लग्न त्यात बसत नसेल तर शाळेला आधी लेखी विचारा, किंवा नवऱ्यानं एकट्यानं यावं, आहेर तोही करू शकतो. दुसरं, ब्लू कार्डवाल्यांच्या घरच्यांनी जर्मनीबाहेर सलग 12 महिन्यांहून जास्त काढले तर परवाना जातो. 'नंतर बघू' म्हणताना हा आकडा लक्षात असू दे.

पुढचा हिवाळा काढ. पहिला हिवाळा कोणाचाच चांगला जात नाही, आणि फेब्रुवारीत घेतलेला निर्णय तर मी माझ्या शत्रूचाही धरणार नाही. दुसऱ्या फेब्रुवारीतही तुला हेच वाटलं, जिना पुसून, वर्गाला जाऊन, दुपारी बाहेर काढूनही, तर मग मला पुन्हा लिही. तेव्हा मी तुझ्या बाजूनं नवऱ्याला लिहीन. सातपूर-अंबड कुठे पळून जात नाही, आणि परत येणं म्हणजे हरणं, असं मी तरी मानत नाही. मीही आलेच ना.

पिठाचं. तिकडे पुड्यावर नंबर असतो. 405 म्हणजे आपला मैदा, त्याच्या पोळ्या वातडच होणार. 1050 नंबरचं गव्हाचं पीठ आण, त्यात इंडियन स्टोअरमधला आटा निम्मा मिसळ. पाणी कोमट घे, तेल थोडं जास्त, आणि मळल्यावर अर्धा तास झाकून ठेव. तवा आधी चांगला तापू दे, तिकडच्या विजेच्या शेगडीला वेळ लागतो, आपण घाई करतो. आणि पोळपाट नसेल नेलेला तर मेमध्ये भांडी बाजारातून घे, दगडी नको, लाकडी, तीन पायांचा. बॅगेत तळाशी, साड्यांच्या घड्यांमध्ये आडवा बसतो.